तालमीतल्या पोराची परीक्षा आणि आपली भाषा

बुधवाऱ्यातला एक तरुण काही दिवसांपूर्वी आमच्या बँकेच्या काउंटरवर आला. पासबुक छापून घ्यायचे निमित्त होते, पण काखेत एक जाडजूड वही होती. मागे रांग नव्हती म्हणून तो थोडा रेंगाळला आणि हळूच म्हणाला, ''काका, ॲबडक्शन म्हणजे अपहरणच ना?''

आम्हाला वाटले, पोलीस भरतीचा अभ्यास चालला असेल. अपहरणाचे कलम विचारतोय. पण वही उघडून पाहतो तो खांद्याचे चित्र! शरीराच्या मध्यरेषेपासून हात बाजूला नेणे, या हालचालीला इंग्रजीत ॲबडक्शन म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'दूर नेणे' एवढाच. शब्दकोशाने मात्र या मुलाला अपहरण सांगितले होते आणि त्याने ते इमानेइतबारे लिहून घेतले होते. त्याच पानावर खाली 'एक्सेंट्रिक - विक्षिप्त' अशी नोंद होती. वजन सावकाश खाली सोडताना स्नायू ताण सोसत लांब होतो, त्याला ते लोक एक्सेंट्रिक म्हणतात. आमचा पोरगा आठ दिवस विक्षिप्त स्नायू पाठ करत होता.

हसू आले हे खरे. पण रात्री जेवताना ते हसू घशात अडकले.

हा मुलगा कोण, ते वाचकांना सांगायला हवे. नाव देत नाही, कारण अजून त्याचा निकाल लागायचा आहे. वडील यंत्रमागावर. आजोबा लालबागच्या ताप्ती मिलमध्ये होते. १९०६ साली उभी राहिलेली ती गिरणी २०२० च्या टाळेबंदीत एन.टी.सी.च्या इतर गिरण्यांबरोबर थांबली. नातवाला लहानपणापासून तालमीचा नाद. पहाटे पाचला उठून जोर-बैठका, संध्याकाळी एका जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवतो. अंगात कसब आहे, समजावून सांगण्याची हातोटी आहे. पगार मात्र हेल्परचा. कारण त्याच्याकडे कागद नाही. इंदूर-पुण्याच्या मोठ्या जिममध्ये विचारले तर पहिला प्रश्न येतो, सर्टिफिकेट कोणते? म्हणून तो पर्सनल ट्रेनरच्या परीक्षेला बसला. पहिल्या खेपेला नापास झाला. कशात? व्यायामात नव्हे. पुस्तक इंग्रजी होते आणि हा बारावीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलेला, घरी मराठी बोलणारा मुलगा.

आता काही ज्येष्ठ समाजबांधव म्हणतील (एकांनी म्हटलेही), ''अरे, आमच्या उस्तादांना कुणी सर्टिफिकेट दिले होते?'' या आक्षेपाला आम्ही थट्टेवारी नेणार नाही. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला रूप दिले, ते कुठल्या परीक्षेला बसले नव्हते. परंतु उस्तादाची गोष्ट वेगळी होती. उस्तादाला पोराचे घर माहीत असायचे. त्याला मिरगी आहे का, त्याची आई काय खाऊ घालते, थोरल्या भावाचा गुडघा कशाने गेला, हे सारे ठाऊक असायचे. दहा-दहा वर्षे पोरगा डोळ्यांसमोर. आजच्या जिममध्ये माणूस तीन महिन्यांची फी भरतो, आज येतो, उद्या नाही. शिकवणाऱ्याला त्याचे नावही धड ठाऊक नसते. उस्ताद जे वर्षानुवर्षांच्या ओळखीने जाणत होता ते या नव्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात प्रश्न विचारून काढावे लागते. परीक्षा नेमके तेच शिकवते.

स्वतःचा दाखला देतो. आम्ही शेहेचाळीस वर्षांचे, दिवसभर खुर्चीवर बसणारे कारकून. साखर थोडी वाढलेली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून एका जिममध्ये नाव घातले. (कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही; सगळीकडे थोडाफार हाच प्रकार.) तिथल्या शिक्षकाने ना वय विचारले, ना आजार. पहिल्याच दिवशी खांद्यावर बार ठेवून बैठका मारायला लावल्या, वर ''अंकल, पेन म्हणजेच गेन'' असा मंत्र दिला. तिसऱ्या दिवशी कमरेत उसण भरली आणि पंधरा दिवस रजा गेली. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

शिकलेला माणूस काय करतो ते आमच्या या विद्यार्थ्याकडून ऐकले. आधी सात प्रश्नांचा एक कागद भरून घ्यायचा. हृदयविकार आहे का, छातीत दुखते का, चक्कर येते का, सांध्याचा-हाडाचा त्रास आहे का, असे साधे प्रश्न. कॅनडात तयार झालेली ही प्रश्नावली जगभर वापरतात. एका जरी प्रश्नाला 'हो' आले तरी पुढे जाण्याआधी डॉक्टरचा सल्ला. मग नाडी. २२० मधून वय वजा करा, ही सर्वांना ठाऊक असलेली रीत. आमच्या वयाला १७४ ठोके आले. २००१ साली दुसरे एक सूत्र पुढे आले, २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा करण्याचे. त्याने १७६ आले. दोन्ही अंदाजच. मध्यम व्यायाम म्हणजे त्या आकड्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे आम्हाला मिनिटाला १११ ते १३२ ठोके. यंत्र नसेल तर सोपी खूण अशी की, चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. ही खूण आम्हाला फार आवडली. टक्केवारी काढणे हा आमचा धंदाच आहे, पण तापीच्या घाटावर फिरायला येणाऱ्या आजीबाईंना टक्केवारी कोण समजावणार?

आणि सर्वांत महत्त्वाचे, सी.पी.आर. छातीवर तीस दाब, मग दोन श्वास. मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने. दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल. विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीच्या जिममध्ये व्यायाम करताना कोसळले आणि २१ सप्टेंबरला गेले, तेव्हा देशभर चार दिवस चर्चा झाली. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार गेले, तेव्हाही झाली होती. प्रत्येक वेळी चर्चा व्यायाम चांगला की वाईट यावर घसरली. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या चार मिनिटांत काय करायचे ते येते का, हा प्रश्न बाजूला पडला. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज ही १९८५ साली निघालेली संस्था उमेदवाराला सी.पी.आर.चे चालू प्रमाणपत्र असल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाही. मग तीन तासांत दीडशे प्रश्न. आपल्याकडे चहाची टपरी टाकायला परवाना लागतो. माणसाच्या मानेवर साठ किलोचा बार ठेवायला शिकवणाऱ्यास परवाना लागेल असा केंद्रीय कायदा नाही.

म्हणून हा अभ्यास झाला पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो कोणत्या भाषेत, हा.

मराठीत हे ज्ञान नव्हते असे कुणी म्हणू नये. बडोद्याला दत्तात्रेय चिंतामण मजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. १९३६ ते १९४९ अशी तेरा वर्षे ते काम चालले. दहा खंड, आणि तेही मराठीत! त्याच बडोद्याचे प्रा. माणिकराव यांनी कवायतीच्या इंग्रजी आज्ञा काढून तिथे देशी आज्ञा बसवल्या. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. तेथील पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावचे तरुण अमरावतीला जाऊन व्यायामशिक्षक होऊन परत येत. म्हणजे शिकवणाऱ्याला आधी शिकवावे, ही कल्पना आपल्याकडे अमेरिकेतून आलेली नाही. आपणच ती मध्ये कुठेतरी ठेवून विसरलो.

आपल्या मध्य प्रदेशाचेही पाहा. ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९५७ मध्ये, सत्तावनच्या उठावाच्या शताब्दीच्या वर्षी, सुरू झाले आणि आज ते अभिमत विद्यापीठ आहे. २०१३ साली राज्य सरकारने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले. उज्जैनचे योगेश मालवीय यांना मल्लखांबाच्या प्रशिक्षणाबद्दल २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. जो खेळ मराठी माणसाने घडवला तो या राज्याने आपला मानला, याबद्दल आम्ही राज्याचे ऋणी आहोत. पण खेळ आपला मानला आणि भाषा मात्र परकी, हे कसे?

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण आपल्या तरुण पिढीला तो कुणी सांगितलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपला निमाड जिल्हा ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि तेथे हिंदीच्या बरोबरीने मराठी ही राज्यकारभाराची भाषा होती. राज्यपुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. रावेर इथून हाकेच्या अंतरावर असले तरी बऱ्हाणपूर आमचे आहे आणि आम्ही बऱ्हाणपूरचे. मात्र त्याच वर्षी संविधानात सातवी दुरुस्ती होऊन कलम ३५०-क आणि ३५०-ख आले. पहिले म्हणते, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे यासाठी राज्याने सोय करावी. दुसऱ्याने त्यावर देखरेख करणारा विशेष अधिकारी नेमला. नीट वाचा, प्राथमिक शिक्षण. चौथी-पाचवी झाली की संविधानाचे बोट सुटते. पुढे जे मिळायचे ते मागून, संघटित होऊन, मताच्या जोरावर मिळवायचे. आपण मागितले काय? गणेशोत्सवाला मंडप, सभागृहाला पंखे आणि गुणवंतांच्या सत्काराला पाहुणे.

मागितले की मिळते, याचे पुरावे आहेत. सरकारी बँकांच्या कारकुनी भरतीची परीक्षा तेरा प्रादेशिक भाषांत घेण्याचा निर्णय अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये केला. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा २०२४ पासून तेरा प्रादेशिक भाषांत सुरू झाली. डॉक्टर होण्याची नीट परीक्षा मराठीतून देता येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हा पेढे आम्हीही वाटले. आणि सर्वांत बोलका दाखला आपल्या राजधानीतला. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एम.बी.बी.एस.ची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली. डॉक्टरकीची शरीररचना हिंदीत येऊ शकते, तर जिमच्या शिक्षकाची मराठीत का येऊ नये? मेहनत निम्म्याहून कमी आहे.

शब्द नाहीत, ही सबब चालणार नाही. बायसेप्सला द्विशिरस्क आणि ट्रायसेप्सला त्रिशिरस्क हे शब्द मराठीत कधीचे आहेत. ते जड वाटतात हे कबूल. पण या मुलाची वही चाळताना आम्हाला दुसरेच दिसले. परीक्षेतले अर्धे शब्द तर तालमीत रोज बोलले जातात! सुपाइन म्हणजे उताणे, प्रोन म्हणजे पालथे. फ्लेक्शन म्हणजे दुमडणे. काफ म्हणजे पोटरी. 'दंड' हा शब्द घ्या: दंड हा अवयवही, दंड हा व्यायामही. इंग्रजी पुस्तकाला जे सांगायला दोन ओळी लागतात ते आपल्या आजोबांनी एका शब्दात ठेवले. या मुलाला कुणी आधी सांगितले असते की प्रोन म्हणजे पालथे, तर त्याचे आठ दिवस वाचले असते. त्याला ते वर्ष संपत आल्यावर, स्वतःच्या डोक्याने कळले. आता त्याच्या वहीत तीन रकाने आहेत: इंग्रजी, हिंदी, मराठी. मराठीच्या रकान्यात काही ठिकाणी त्याने आईचे शब्द लिहिले आहेत. चमक, लचक, उसण, पेटका, कळ. डॉक्टरसुद्धा दुखण्याचे इतके प्रकार करत नसतील.

इंग्रजी नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला पुढे दुबईला किंवा पुण्याच्या मोठ्या जिममध्ये जायचे आहे त्याला इंग्रजी लागेल, आणि लागेल तेवढे तो शिकेल. परंतु समजणे आधी आणि इंग्रजी नंतर, की इंग्रजी आधी आणि समजणे जमले तर? बुधवाऱ्यात, लालबागेत, शनिवाऱ्यात ज्याला शिकवायचे आहे त्याचे गिऱ्हाईक मराठी-हिंदी बोलणारे आहे. सात प्रश्नांचा तो कागद इंग्रजीत भिंतीवर लावून उपयोग काय?

पैशाचेही बोलू, कारण तो आमचा विषय आहे. परदेशी संस्थेची परीक्षा डॉलरमध्ये पडते. यंत्रमागाच्या मजुरीत ती बसत नाही. खासगी अकादम्यांच्या जाहिराती पाहून काही पालक दागिने मोडायला निघतात. थांबा. २०१५ पासून बँकांत कौशल्य कर्ज नावाची योजना आहे. सुरुवातीला मर्यादा पाच हजार ते दीड लाख रुपये होती. जुलै २०२४ मध्ये ती साडेसात लाखांपर्यंत वाढवण्यात आली. तारण लागत नाही, त्यामागे सरकारी हमी निधी आहे. अट एवढीच की, अभ्यासक्रम त्या योजनेत बसणारा हवा. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत क्रीडा आणि फिटनेस क्षेत्रासाठी वेगळी परिषद आहे व फिटनेस ट्रेनर हा तिचा मान्य अभ्यासक्रम आहे. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारा: हे प्रमाणपत्र राष्ट्रीय कौशल्य चौकटीशी जोडलेले आहे का, आणि यावर कौशल्य कर्ज मिळते का? तोंडी 'हो'वर विश्वास ठेवू नका. एक कबुलीही देतो. या मुलाने वर्षापूर्वी एका शाखेत या योजनेची चौकशी केली होती आणि तिथे त्याला ''अशी काही स्कीम नाही'' असे सांगून परत पाठवले गेले. ज्याने सांगितले त्याला परिपत्रक ठाऊक नव्हते. आम्ही कारकून लोक परिपत्रके फायलीला लावण्यात पटाईत, वाचण्यात कमी.

आता मागणी. नगर निगमाने बागांमध्ये व्यायामाची लोखंडी साधने बसवली, हे चांगले झाले. पण तिथे सकाळी दोन तास प्रशिक्षित शिक्षक बसवला तर साधनांचा उपयोग होईल आणि अशा दहा-बारा मुलांना गावातच काम मिळेल. निवडणुकीत बुधवाऱ्याच्या गल्ल्यांत फिरणाऱ्या सर्व पक्षांच्या उमेदवारांना आम्ही हे विचारणार आहोत, पक्ष न पाहता. भोपाळच्या मराठी साहित्य अकादमीने कवितासंग्रहांबरोबर अशा एखाद्या उपयोगी पुस्तकाचाही विचार करावा. दीडशे पानांचे शरीरपरिचयाचे पुस्तक हीसुद्धा भाषेची सेवाच आहे. आणि कौशल्य विकास मंत्रालयाला आपले निवेदन असे की, फिटनेस ट्रेनरचे अभ्याससाहित्य आणि परीक्षा मराठीतून उपलब्ध असावी, तीही केवळ महाराष्ट्रात नव्हे, तर जिथे जिथे मराठी उमेदवार बसतो तिथे. बऱ्हाणपूरच्या मुलाने मराठीत पेपर द्यायचा तर जळगावचा पत्ता दाखवावा, असे व्हायला नको.

आपल्या मंडळाकडेही बोट दाखवतो. मागच्या दोन वर्षांत शाली-नारळावर किती खर्च झाला तो हिशेब आमच्याच हातचा आहे, म्हणून आकडा इथे लिहीत नाही. त्यातल्या एका कार्यक्रमाच्या पैशांत हृदयावर दाब देण्याच्या सरावाचा एक पुतळा येतो. तो यावा, असा ठराव पुढच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत. विरोध करणाऱ्यांनी जरूर यावे.

निवेदनाचा मसुदा मंडळाच्या खोलीत ठेवला आहे; सह्या महिनाअखेरपर्यंत घेतल्या जातील. या मुलाची दुसरी परीक्षा त्यानंतर लगेच आहे. तोवर रविवारी सकाळी आठ वाजता तो त्याच खोलीत तीन मुलांना आणि एका मुलीला आपल्या वहीवरून शिकवतो. शिकवल्याने आपलेच पक्के होते, असे त्याचे म्हणणे. परवा आम्ही सहज डोकावलो तर त्याने आम्हालाच सतरंजीवर पालथे घातले, कमरेचा कोणता स्नायू कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मुलांना बोटाने दाखवले, आणि मग विचारले, ''काका, इथेच उसण भरली होती ना?'' तिथेच भरली होती.